मजकुरानुसार फायलींचे स्थलांतर (आदेशपंक्ती)

मजकुरानुसार फायलींचे स्थलांतर म्हणजे संगणकावरील फायली त्यांच्या नावावरून, दिनांकावरून किंवा प्रकारावरून न निवडता, त्यांच्या आतील मजकूर तपासून एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवणे. हे काम बहुधा आदेशपंक्तीवरून, म्हणजे माउसऐवजी कळफलकाने लिखित आदेश देऊन, केले जाते. त्यात दोन स्वतंत्र क्रिया एकमेकींना जोडलेल्या असतात. ठरावीक शब्द किंवा नमुना कोणकोणत्या फायलींत आहे याचा शोध ही पहिली, आणि सापडलेल्या फायली नव्या जागी नेणे ही दुसरी. युनिक्स व लिनक्स प्रणालींत पहिल्या क्रियेसाठी ‘ग्रेप’ आणि दुसरीसाठी ‘एमव्ही’ हा आदेश वापरतात.

इंग्रजी मजकुरासाठी ही रीत बरीचशी सरळ आहे. मराठीत मात्र शब्दाला प्रत्यय चिकटतात, प्रत्यय लागताना शब्दाचे रूप पालटते, आणि एकच अक्षर संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठवलेले असू शकते. त्यामुळे डोळ्यांना दिसणारा शब्द ग्रेपला सापडेलच असे नाही. या लेखात लातूर जिल्ह्यातील अहमदपूर या तालुक्याच्या गावाचे नाव उदाहरणादाखल घेतले आहे. आदेशांची नावे व पर्यायाक्षरे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांतच टंकित करावी लागतात.

इतिहास

फायलीचे नाव किंवा जागा बदलणारा एमव्ही हा आदेश युनिक्सच्या १९७१ मधील पहिल्या आवृत्तीपासून आहे. ग्रेप हा आदेश केन टॉम्प्सन यांनी बेल प्रयोगशाळेत लिहिला आणि १९७३ मधील चौथ्या आवृत्तीत त्याची नोंद आढळते. त्याआधीच्या ‘ईडी’ या मजकूर-संपादकात संपूर्ण फायलीत एखादा नमुना शोधून जुळणाऱ्या ओळी छापण्याची एक सूचना होती. ‘ग्लोबल’, ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ आणि ‘प्रिंट’ या तिच्या घटकांच्या आद्याक्षरांवरून ग्रेप हे नाव पडले. एका आदेशाचे फलित थेट दुसऱ्या आदेशाच्या हाती देणारी ‘पाइप’ ही सोय डग्लस मॅकिलरॉय यांच्या कल्पनेवरून १९७३ मध्येच युनिक्समध्ये आली. शोध आणि स्थलांतर एका ओळीत जोडणे तिच्यामुळेच शक्य झाले.

आज जगातील बहुतेक लिप्यांचा मजकूर ज्या यूटीएफ-८ संकेतनात साठवला जातो, तेही १९९२ मध्ये टॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनीच तयार केले. देवनागरी शोधणारा आदेश आणि देवनागरी साठवणारे संकेतन यांच्या मागे असा एकच माणूस उभा आहे. दोन्ही गोष्टी घडल्या तेव्हा त्याच्यासमोर मराठी मजकूर असण्याची शक्यता मात्र फारशी नाही.

कार्यपद्धती

ग्रेप फायल ओळीओळीने वाचतो आणि नमुना जुळलेल्या ओळी दाखवतो. स्थलांतरासाठी ओळी नकोत, फायलींची नावे हवीत. म्हणून त्याला उणे चिन्हासह लहान ‘एल’ हा पर्याय जोडतात. फोल्डरच्या आतील फोल्डरही तपासायचे असल्यास ‘आर’ जोडतात. ही नावांची यादी पाइपमधून ‘एक्सआर्ग्ज’ या आदेशाकडे जाते आणि तो ती नावे एमव्हीला पुरवतो. एमव्हीला ‘टी’ या पर्यायाने गंतव्य फोल्डर आधी सांगितले, की मागून येणारी सर्व नावे त्या फोल्डरमध्ये जातात. शब्द अक्षरशः शोधायचा असेल आणि त्यातील टिंब, तारा यांसारख्या चिन्हांना नमुन्याचा विशेष अर्थ द्यायचा नसेल, तर मोठा ‘एफ’ हा पर्याय वापरतात.

नावांत मोकळी जागा असली की ही साखळी तुटते. ‘अहमदपूर तालुका यादी’ हे नाव एक्सआर्ग्ज तीन वेगवेगळ्या फायलींची नावे समजतो. मराठीत फायलींना अशी वाक्यांशासारखी नावे देण्याची सवय असल्यामुळे ही अडचण पदोपदी येते. यावर उपाय म्हणून ग्रेपला मोठा ‘झेड’ आणि एक्सआर्ग्जला शून्य हा पर्याय देतात. मग प्रत्येक नावानंतर मोकळी जागा किंवा नवी ओळ न येता शून्य मूल्याचा बाइट येतो. फायलीच्या नावात हा बाइट कधीच असू शकत नाही, म्हणून नाव कोठे संपते याविषयी संदिग्धता उरत नाही.

एमव्ही चालवण्यापूर्वी केवळ ग्रेपची यादी पडद्यावर पाहणे, ती मोजणे आणि तीतील चार-दोन फायली उघडून तपासणे ही पायरी गाळली जाते, आणि पुढचा बहुतेक मनस्ताप तेथूनच सुरू होतो. मोठ्या ‘एल’ या पर्यायाने ज्या फायलींत शब्द सापडला नाही त्यांची यादी मिळते. मराठी मजकुराच्या बाबतीत ही दुसरी यादी पहिलीपेक्षा अधिक बोलकी असते.

मराठी शब्दरूपे

ग्रेपला व्याकरण कळत नाही. तो अक्षरांची सलग मालिका जुळवतो. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनुसार ग्रामनामातील ‘पूर’ या घटकातील ‘पू’ दीर्घ लिहावा लागतो. म्हणून अहमदपूर, सोलापूर, नागपूर. परंतु सामान्यरूप होताना उपान्त्य दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो आणि अहमदपूरचे ‘अहमदपुरात’, ‘अहमदपुरी’ असे रूप बनते. ‘अहमदपूर’ हा शब्द शोधल्यास अहमदपूरला, अहमदपूरचा, अहमदपूरहून, अहमदपूरकर ही रूपे सापडतात, कारण मूळ अक्षरमालिका त्यांत जशीच्या तशी आहे. ‘अहमदपुरात’ मात्र निसटते. ज्या फायलीत गावाचा उल्लेख फक्त ‘गेल्या वर्षी अहमदपुरात’ असा आला असेल, ती फायल जागची हलत नाही आणि कोणतीही चूक झाल्याचा संदेशही येत नाही. लातूर, उदगीर, चाकूर ही शेजारची नावेही याच घडणीची आहेत: लातुरात, उदगिरात, चाकुरात. शुद्ध लिहिणाऱ्याचीच फायल मागे राहावी हा येथील विरोधाभास आहे.

याच्या उलट, हिंदी वळणाने सर्वत्र ऱ्हस्व ‘अहमदपुर’ असे लिहिलेल्या फायलीही असतात. दोन्ही पकडण्यासाठी नमुन्यात पर्याय द्यावा लागतो. चौकटी कंसात दीर्घ आणि ऱ्हस्व उकार ठेवणे ही सुचणारी पहिली युक्ती. पण ती संगणकाच्या भाषा-मांडणीवर अवलंबून आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. ‘अहमदपूर’ या शब्दात अ, ह, म, द, प, दीर्घ उकार आणि र अशी सात चिन्हे आहेत, म्हणजे एकवीस बाइट. मांडणी यूटीएफ-८ ची असेल तर चौकटी कंस एक संपूर्ण चिन्ह निवडतो. ती ‘सी’ नावाच्या मूळ मांडणीवर असेल तर कंस एकच बाइट निवडतो आणि शोध निष्फळ होतो. म्हणून विस्तारित नमुन्याचा मोठा ‘ई’ हा पर्याय घेऊन, उभ्या रेषेच्या दोन बाजूंना ‘अहमदपूर’ व ‘अहमदपुर’ ही पूर्ण रूपे लिहिणे अधिक भरवशाचे. दोन्ही मांडण्यांत ते सारखेच चालते.

केवळ स्वतंत्र शब्द जुळवणारा ‘डब्ल्यू’ हा पर्याय इंग्रजी पुस्तकांत आवर्जून सुचवलेला असतो. मराठीत तो बहुधा हानिकारक ठरतो. ‘अहमदपूरला’ यातील ‘ला’ हा चतुर्थीचा प्रत्यय शब्दाला जोडून येतो, म्हणून या पर्यायाने ते रूप गळते. त्यात भर म्हणजे, मात्रा आणि हलन्त चिन्ह ही शब्दाचाच भाग मानायची की नाही याविषयी सर्व अवजारांचे एकमत नाही.

एकच अक्षर, अनेक संकेत

‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो. एका पद्धतीत ऱ या स्वतंत्र चिन्हानंतर हलन्त येते. दुसऱ्या, जुन्या पद्धतीत साध्या र नंतर हलन्त आणि मग ‘शून्यरुंदी जोडचिन्ह’ हे न दिसणारे चिन्ह येते. पडद्यावर दोन्ही शब्द सारखे दिसतात. ग्रेपला ते भिन्न आहेत. ‘ॲडव्होकेट’ मधील पहिल्या अक्षराची स्थिती अशीच आहे. ॲ हे एकसंध चिन्ह युनिकोडमध्ये २००८ मधील ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी अ वर चंद्र देऊन किंवा मध्ये जोडचिन्ह घालून काम भागवले जात असे आणि अनेक कळफलक आजही तसेच करतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने ऱ ची काही रूपे एकत्र आणता येतात. जोडचिन्हाने बनवलेले रूप त्या प्रक्रियेतही वेगळेच राहते. त्यासाठी शोधण्यापूर्वी मजकुरात अदलाबदल करणेच भाग असते.

संपूर्ण फायलीचे संकेतनच वेगळे असेल तर एकही अक्षर जुळत नाही. विंडोजमधील नोटपॅडमध्ये पूर्वी ‘युनिकोड’ या नावाने जतन केलेल्या फायली यूटीएफ-१६ मध्ये असत. नोटपॅडची पूर्वनिश्चित निवड २०१९ पासून यूटीएफ-८ झाली. अशा जुन्या फायली ‘फाइल’ या आदेशाने ओळखता येतात आणि ‘आयकॉन्व्ह’ या आदेशाने यूटीएफ-८ मध्ये रूपांतरित करता येतात. वर्ड दस्तऐवज हे प्रत्यक्षात आवळलेले संपुट असल्याने ग्रेप त्याच्या आत पाहू शकत नाही; आधी लिब्रेऑफिससारख्या साधनाने साधा मजकूर काढावा लागतो. पीडीएफसाठी ‘पीडीएफटूटेक्स्ट’ वापरतात.

जुने फॉन्ट

मराठी दस्तऐवजांपुढील सर्वांत मोठा अडथळा युनिकोडपूर्व फॉन्टचा आहे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले होते आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ मधील आराखड्यावरून घेतलेली आहे. तरीही छपाईच्या आणि कार्यालयांच्या व्यवहारात कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी योगेश असे फॉन्टच चालले. या फॉन्टमध्ये फायलीत साठवलेली अक्षरे रोमन किंवा तत्सम असतात. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा पोशाख चढवतो. फॉन्ट काढून घेतला की खालचा रोमन गोंधळ उघडा पडतो.

कृतिदेवमध्ये ‘अहमदपूर’ हा शब्द प्रत्यक्षात व्ही, जी, ई, एन, आय, डब्ल्यू, जे या सात लहान रोमन अक्षरांनी साठवलेला असतो. देवनागरीत शोध घेतल्यास अशी एकही फायल सापडत नाही. ही सात रोमन अक्षरे शोधली तर सापडते. ऱ्हस्व ‘अहमदपुर’ हवे असल्यास डब्ल्यूच्या जागी क्यू घालावा लागतो. मात्र येथे लहान-मोठ्या अक्षरांतील भेद दुर्लक्षिणारा ‘आय’ हा पर्याय मुळीच देऊ नये, कारण कृतिदेवात लहान आणि मोठ्या रोमन अक्षरांना वेगवेगळी देवनागरी चिन्हे नेमून दिलेली आहेत. हा संकेत अन्य फॉन्टला लागू पडत नाही; प्रत्येक फॉन्टकुळाची बाराखडी निराळी. त्यामुळे संग्रह मोठा असेल तर फॉन्टनुसार फायली आधी वेगळ्या काढून, त्यांच्या प्रती युनिकोडमध्ये रूपांतरित करून मगच मजकुराचा शोध घेणे हिताचे असते.

कागदावरून चित्ररूपात उतरवलेल्या फायलींत तर अक्षरेच नसतात. ‘टेसरॅक्ट’ हे अक्षर-ओळख साधन २००५ पासून मुक्त स्रोत आहे आणि मराठी छापील मजकूर वाचू शकते. पण भ आणि म, घ आणि ध यांत त्याची गफलत झाली की नेमका शोध चुकतो. मराठवाड्यातील जुन्या कागदांना हे साधनही पुरत नाही. हैदराबाद संस्थानाची राजभाषा उर्दू होती आणि जुन्या मराठी नोंदी पुष्कळदा मोडीत असत. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकालीन कागदपत्रे तपासली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या जाणकारांची मदत घ्यावी लागली. एका शब्दाच्या सापडण्यावर कुटुंबाचे प्रमाणपत्र अवलंबून असते, तेव्हा न सापडलेली नोंद आणि नसलेली नोंद यांतील फरक फार मोठा ठरतो. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले. तिचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये चार बाइट घेते.

नाव एक, जिल्हे तीन

शब्द बिनचूक सापडला तरी तो योग्य वर्गाचा निदर्शक असेलच असे नाही. अहमदपूर तालुक्याशी संबंधित फायली ‘लातूर जिल्हा’ या फोल्डरमध्ये न्यायच्या आहेत असे समजू. नमुना म्हणून ‘लातूर’ निवडला तर १६ ऑगस्ट १९८२ नंतरचे कागद हाती लागतील, कारण लातूर जिल्हा त्या दिवशी अस्तित्वात आला. त्याआधीच्या कागदांवर अहमदपूरचा जिल्हा उस्मानाबाद असा आहे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी अहमदपूर हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. त्या पुनर्रचनेत अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके बीदरपासून वेगळे होऊन मुंबई राज्यात आले. म्हणजे एकाच गावाच्या कागदांवर काळानुसार तीन जिल्ह्यांची नावे येतात. शिवाय उस्मानाबादचे नाव २०२३ पासून धाराशिव झाल्याने, जुन्या काळाविषयी आज लिहिलेल्या मजकुरात चौथे नावही दिसू शकते. जिल्ह्याचे नाव न शोधता गावाचे नाव शोधणे हा येथे त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग.

उलट बाजूने, ‘लातूर’ हा शब्द असलेली प्रत्येक फायल लातूर जिल्ह्याची नसते. लोहा हा विधानसभा मतदारसंघ नांदेड जिल्ह्यातला, पण लातूर लोकसभा मतदारसंघात मोडणारा. त्याच्या निवडणूकविषयक कागदांवर लातूरचे नाव असणारच. लातूर रोड हे रेल्वे जंक्शन लातूर शहरात नसून चाकूर तालुक्यात आहे. नांदेड नावाचे एक गाव पुण्याजवळही आहे.

ज्या फायलीत अहमदपूर आणि उदगीर ही दोन्ही नावे आहेत तिचे काय, हा प्रश्न याहून कठीण. आधी अहमदपूरसाठी आदेश चालवला तर ती तिकडे जाते आणि उदगीरच्या शोधाच्या वेळी मूळ फोल्डरमध्ये नसतेच. म्हणजे वर्गीकरण मजकुरावर न ठरता आदेशांच्या क्रमावर ठरते. ग्रंथालयात पुस्तक एकाच फडताळावर राहते, पण त्याची कार्डे अनेक विषयांखाली लावता येतात. संगणकावर तेच काम ‘एलएन’ या आदेशाने बनवलेले दुवे करतात. फायल जागेवर ठेवून प्रत्येक विषयाच्या फोल्डरमध्ये तिचा दुवा ठेवता येतो. अनेक वेळा स्थलांतराची गरजच नसते, दुव्याने भागते.

हलवताना होणारे नुकसान

एमव्ही न विचारता जुन्या फायलीवर नवी फायल लिहितो. वेगवेगळ्या फोल्डरांत ‘यादी’, ‘अर्ज’, ‘पत्र १’ अशा एकाच नावाच्या फायली असतील आणि त्या साऱ्या एका फोल्डरमध्ये स्वतंत्र आदेशांनी हलवल्या, तर शेवटची तेवढी उरते. लहान ‘एन’ हा पर्याय दिल्यास आधीची फायल सुरक्षित राहते आणि नावाची टक्कर झालेली फायल मूळ जागीच राहते. लहान ‘आय’ पर्याय प्रत्येक टकरीला विचारतो; पाचशे फायलींत तो कंटाळवाणा होतो आणि हात आपोआप होकार देऊ लागतो.

याहून वाईट प्रकार गंतव्य फोल्डर अस्तित्वात नसताना घडतो. फायली एकेक करून हलवणारा आवर्ती आदेश लिहिला आणि ‘अहमदपूर’ नावाचे फोल्डर आधी बनवलेच नाही, तर एमव्ही पहिल्या फायलीचेच नाव बदलून ‘अहमदपूर’ करतो. दुसरी फायल तिच्यावर लिहिली जाते, तिसरी दुसरीवर. अखेरीस शेकडो फायलींच्या जागी ‘अहमदपूर’ नावाची एकच फायल शिल्लक राहते. पडद्यावर कोणतीही तक्रार उमटत नाही. गंतव्याच्या नावापुढे तिरकी रेघ देणे, किंवा फोल्डर नसल्यास काम नाकारणारा ‘टी’ पर्याय वापरणे, एवढ्याने हे टळते. एमव्हीला ‘पूर्ववत करा’ अशी सूचना नसते आणि त्याने पुसलेली फायल कचरापेटीतही जात नाही.

एकाच डिस्कविभागात फायल हलवली तर आतील माहिती जागची हलत नाही, केवळ फोल्डरमधील नोंद बदलते. म्हणून ते क्षणात होते. पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर हलवताना मात्र प्रत उतरवून मूळ फायल पुसली जाते. वीज केव्हाही जाऊ शकते अशा ठिकाणी ‘सीपी’ने आधी प्रती काढाव्यात, दोन्हीकडील संख्या ताडून पाहावी आणि मगच मूळ फायली काढाव्यात. लिनक्सच्या प्रचलित ‘ईएक्सटी-४’ रचनेत फायलीचे नाव २५५ बाइटपुरतेच असू शकते. देवनागरीत त्याची ८५ चिन्हे होतात आणि प्रत्येक मात्रा व हलन्तही त्यात मोजले जाते. विंडोजमध्ये चाललेले लांबलचक मराठी नाव त्यामुळे लिनक्सवर नाकारले जाऊ शकते.

अन्य प्रणाली

मॅकवर ग्रेप आणि एमव्ही हे आदेश आहेतच. मात्र त्यांची घडण बीएसडी परंपरेतील असल्याने काही पर्याय वेगळे आहेत आणि एमव्हीचा ‘टी’ पर्याय सर्वत्र मिळत नाही. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमधील ‘फाइंडस्ट्र’ देवनागरीसाठी उपयोगी नाही. पॉवरशेलमध्ये ‘सिलेक्ट-स्ट्रिंग’ने शोध आणि ‘मूव्ह-आयटम’ने स्थलांतर करता येते. तेथील ‘व्हॉट-इफ’ हा पर्याय प्रत्यक्ष काहीही न हलवता काय हलवले जाईल ते सांगतो. एमव्हीमध्ये तशी सोय नाही; तेथे एमव्ही या शब्दाआधी ‘इको’ हा आदेश लिहून हलवण्याचा पूर्ण आदेश नुसता पडद्यावर छापून घेतात.